मुक्या मोटारीची हाक

छन्न झालं. एकदाच, आणि तेही कोणी मुठीत दाबून धरावं तसं.

दुपारचं घर गप्प होतं. झोळीतला श्रावण दूध पिता पिता झोपला होता. थोरली लेक नलू दाराशी घामाघूम होऊन आडवी पडली होती. कौसल्या पायाच्या अंगठ्यात दोरी अडकवून झोळी हलवत होती आणि हातानं नणंदेच्या लग्नाच्या लुगड्याचा काठ टाचत होती. घर झोपलं की बाईला जो वेळ मिळतो तो कोणी दिलेला नसतो, चोरलेलाच असतो. म्हणून ती श्वाससुद्धा बेतानं सोडत होती. तेवढ्यात आतल्या खोलीतून तो आवाज आला.

ती उठून पाहते तर सासू संदुकीपाशी फतकल मारून बसलेली. मथुराबाईंच्या मांडीवर धडुत्याची पुरचुंडी उघडी पडली होती आणि तिच्यात पितळेची घुंगरं होती. हिरवी पडलेली, पण आवाजानं अजून शाबूत.

"आत्याबाई, हे काय काढलं?"

"हळू बोल ना वं! मोटारीले बांधाले."

ओसरीवरचं घोरणं थांबलं होतं. मथुराबाईंनी झटकन घुंगरांवर पदर टाकला, जसा काही झालेला आवाज आता झाकता येणार होता.

"मथुरे," बाहेरून सासऱ्यांचा आवाज आला. आवाजात राग नव्हता. "ते तू विहिरीत टाकले नव्हते?"

मथुराबाई सुनेच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. सुनेनं काय सांगायचं?

या घुंगरांची गोष्ट घरात कोणी सांगत नसे आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ती ठाऊक होती. गावकीचं काम होतं तेव्हा सासऱ्यांच्या, उकंडाजींच्या, हातात काठी असे आणि काठीच्या टोकाला ही घुंगरं. काठी आपटत गावात शिरायचं, म्हणजे ज्याला बाजूला व्हायचं तो बाजूला होईल, ज्याला दार लोटायचं तो लोटून घेईल. छप्पन्न सालच्या दसऱ्याला नागपूरहून दीक्षा घेऊन आले, त्याच संध्याकाळी उकंडाजींनी काठी मोडून चुलीत घातली. तिच्या आचेवर बायकोला भाकरी टाकायला लावली आणि घरभर वाटली. घुंगरं तेवढी विहिरीत टाक म्हणाले. मथुराबाईंनी टाकली नाहीत. पितळ होतं. बाईच्या हातून पितळ टाकवत नाही.

आणि आज ती बाहेर निघाली ती मुकीपायी.

मुकी म्हणजे कौसल्याच्या नवऱ्याची, भीमराजची मोटार. वणीजवळच्या कोळसाखाणीत भीमराज वायरमन होता. जिनिंगवाल्या शेठची इंजिन जळालेली मोटार कापसाच्या गोदामामागं पडली होती, तिच्यात कोंबड्या अंडी घालत. खाणीत खाली डबे ओढणारं एक बॅटरीवरचं छोटं इंजिन भंगारात निघालं होतं. या दोन मढ्यांची भीमराजनं गाठ घालून दिली आणि दोन उन्हाळे खपून त्यातून एक जिवंत गाडी उभी केली. पेट्रोल नाही, धूर नाही, आवाज नाही. खाणीच्या वर्कशॉपात बॅटऱ्या भरून आणायच्या की वणीहून इथं निंबसावळीला आणि परत, एवढं ती मुकाट्यानं जाई. कोणी तरी म्हटलं मुकी, तेच नाव पडलं.

तिला पाहून लोक काय म्हणत याचं कौसल्यानं पुस्तक लिहिलं असतं. तांड्याचे हरिसिंग नाईक तर गाडीला तीन फेऱ्या घालून आले, वाकून खाली पाहिलं आणि म्हणाले, "बैल नाही, तेल नाही, मग ओढते कोण?" भीमराजनं पुढचं झाकण उघडून बॅटऱ्या दाखवल्या. हरिसिंग बराच वेळ पाहत राहिले. "डब्बेच डब्बे! भीमराज, हे गाडी होय का खाणीतल्या लोकायचं जेवण?" वणीच्या चौकात एका शिपायानं गाडी अडवली आणि दरडावलं, "आधी सुरू कर, अन् ठाण्यावर घे." भीमराज म्हणाला, "सुरूच हाय, साहेब." शिपायाला ती चेष्टा वाटली. शेवटी भीमराजनं गाडी हातभर पुढं नेऊन दाखवली, तेव्हा साहेबांनी टोपी काढून कपाळ पुसलं आणि जा म्हणाले.

घरचे तरी काय कमी! लाकडातून करंट जात नाही असं भीमराज एकदा बोलून गेला. तेव्हापासून मथुराबाई गाडीत बसताना जेवणाचा पाट सोबत घेत आणि त्यावर पाय ठेवून बसत.

बसत नव्हते ते फक्त उकंडाजी. "प्रभाच्या लग्नात बसीन," ते म्हणाले होते. "पोरीले घेऊन भर गावातून जाईन, तवा." त्यासाठी कौसल्यानं पुढच्या सीटला जाड मांजरपाटाची खोळ शिवली, निळ्या दोऱ्यानं काठ भरला आणि ती जागा राखून ठेवली. नलूलासुद्धा तिथं बसू दिलं नाही. लग्न परवावर आलं होतं. वणीला खाणीच्या दवाखान्यात कंपाउंडर असलेल्या मुलाच्या घरी, बुद्धवंदना करून.

आणि दोनच दिवसांपूर्वी, बाजारच्या दिवशी, नेमकी मुकी शकुबाईंच्या मागं जाऊन उभी राहिली.

शकुबाई म्हणजे किसनराव पाटलांची माय. डोक्यावर चिंचेचं टोपलं घेऊन त्या रस्त्याच्या मधोमध चालल्या होत्या. भीमराजनं आरोळी दिली. त्या सरकल्या नाहीत. त्यानं गाडी थांबवली तेव्हा पुढचा बंपर त्यांच्या लुगड्याला लागला होता. वळून पाहतात तर मागं मोटार! शकुबाई मटकन खाली बसल्या आणि चिंचा रस्ताभर झाल्या. लागलं कोणालाच नाही. पण आज सकाळी पाटलांचा निरोप आला होता: मोटारीला घुंगरं बांधा, नाही तर गावातून आणू नका.

चहाच्या वेळेपर्यंत घर ओसरीवर गोळा झालं होतं. उकंडाजी भिंतीला टेकून बसले होते, घुंगरांची पुरचुंडी सगळ्यांच्या मधोमध होती आणि तिला कोणी हात लावत नव्हतं.

"बा, दोन घुंगरं बांधले तं काय होते?" थोरले दीर नागोराव म्हणाले. त्यांना भांडण नको असे. लग्नाच्या घरात तर नकोच. "बैलाच्या गळ्यात नसतात का?"

"असतात. म्या बैल हावो का?"

"तुमाले कोण बांधून राह्यलं? मोटारीले बांधतो."

"अन् मोटारीत कोण बसीन?"

नागोरावांनी धाकट्याकडे पाहिलं. भीमराज बापाची बाजू घेईल असंच सगळ्यांना वाटत होतं. त्यानं मात्र जमिनीवर बोटानं रेघ ओढली आणि म्हणाला, "बा, तुमचं खरं हाय. पण माह्या गाडीले आवाज नाई, हेबी खरं हाय. उद्या तिच्याखाली कोणाचं लेकरू आलं तं?"

"भोंगा होता ना?" प्रभावतीनं विचारलं.

"त्याचं रबर उंदरानं खाल्लं. परवापर्यंत कुठून आणू?"

कौसल्या दारात उभी होती. तिला सासऱ्यांचं पटत होतं आणि नवऱ्याचंही, आणि दोन्ही एकदम पटणं फार वाईट. नलू असंच कधीही रस्त्यात पळत जाई. तरी तिच्या डोळ्यांपुढं ती निळ्या काठाची खोळ होती, आणि परवाच्या लग्नाला तिच्यावर कोणीच बसलेलं नव्हतं.

"नाल्याच्या वाटेनं नेऊ," नागोराव म्हणाले. "गावात जाचं कामच नाई."

"नाल्याच्या वाटेनं मी मेलेली ढोरं ओढून नेली, नागो." उकंडाजी शांतपणे म्हणाले. "पोर नाई नेत. तुमी बांधा घुंगरं. गावातून वाजवत न्या तिले. मी घरी बसतो. लेकरायपाशी कोणी तरी पाहिजेच."

प्रभावती इतका वेळ नखं कुरतडत होती. सहा महिने ती मैत्रिणींना मोटारीतून जाणार, मोटारीतून जाणार असं सांगत आली होती. ती एकदम उठली. "मग मी पायी जातो वणीले! मले नाई पाहिजे मोटार. बा नाई तं काहीच नाई." आणि रडू येतंय हे दिसू नये म्हणून आत जाऊन उगाच भांडी हलवू लागली.

"मी काढलेच नसते तं बरं झालं असतं," मथुराबाई म्हणाल्या.

"तुमी सहा वर्षं ठेवलेच काहून?" नागोराव.

"आता तू नको शिकवू. लोटा मोडला तं तोबी ठेवला हाय तुह्या लग्नातला."

कौसल्याला हसू आलं आणि ते तिनं पदरात लपवलं. तेवढ्यात अंगणात खाकरल्याचा आवाज झाला. किसनराव पाटील स्वतः आले होते. धोतराचा सोगा हातात धरून ते कुंपणाशी थांबले.

"या ना, पाटील," नागोराव लगबगीनं उठले आणि खाट पुढं सारली.

"नाई, उभाच बरा. मी म्हटलं, निरोपानं गैरसमज व्हाचा." पाटील वाईट माणूस नव्हते. त्यांचा आवाज अवघडलेला होता. "माही माय म्हातारी. रातभर कण्हत होती. गावात ढोरं-वासरं हायत. आवाज नको का गाडीले? एवढंच म्हणणं हाय."

कौसल्यानं चहाचा कप बशीवर ठेवून पुढं केला.

"आताच घेऊन आलो," पाटील म्हणाले. कप त्यांनी नाकारला नाही, घेतलाही नाही. नागोरावांनी तो खाटेवर ठेवला. तिथं तो निवत राहिला.

"पाटील," उकंडाजी म्हणाले, "घुंगरंच काहून?"

"आँ? मग काय बांधणार? घुंगरं लोकायच्या कानाले वळखीचे हायत."

"म्हणूनच नाई बांधत."

पाटलांना काय ते कळलं असावं, कारण ते पायातल्या चपलेकडे पाहू लागले. आणि मग रस्त्यावरून अशी आरोळी आली की झोळीतला श्रावण दचकून उठला.

"किसन्या! अरे, हाय का तो मुकीवाला घरी?"

शकुबाई काठी टेकत तडक अंगणात शिरल्या. रातभर कण्हलेल्या बाईच्या चालीत एवढा जोर कुठून आला, हे पाटलांनाही कळेना.

"माय, तू कायले आली?"

"व्हय, व्हय," शकुबाई म्हणाल्या आणि सरळ भीमराजपुढं उभ्या ठाकल्या. "तुह्या मुकीनं पाडलं ना मले? आता बसव तिच्यात! सारा गाव पुसून राह्यला, कशी हाय, कशी हाय. मले काय सांगता येते? मी तं बाहेरून पाह्यली!"

"माय, त्या गाडीचंच बोलून राह्यलो आमी. घुंगरं बांधाचं."

"व्हय, व्हय."

कौसल्या रडणाऱ्या श्रावणला खांद्यावर घेऊन थोपटत होती. तिची नजर शकुबाईंच्या तोंडावर होती. श्रावण यांच्या कानाशी एवढा टाहो फोडतोय आणि या बाईनं एकदाही तिकडं पाहिलं नाही. म्हाताऱ्या बाईनं रडतं लेकरू पाहायचं नाही, असं कधी होतं का? तिनं श्रावणला आत नणंदेकडं दिलं आणि शकुबाईंच्या अगदी जवळ गेली.

"पाटलीणबाई! पाटील म्हणतात, गाडीले घुंगरं बांधा!"

"झुंबर?" शकुबाई चकित झाल्या. "मोटारीले झुंबर कायले वं? शेठच्या घरी हाय तसं?"

"घुं-ग-रं!"

मथुराबाईंना राहवलं नाही. त्यांनी पुरचुंडी उचलली, शकुबाईंच्या कानाशी नेली आणि खळाखळा हलवली. सगळ्या वस्तीत गेला असेल असा आवाज.

शकुबाई घुंगरांकडे पाहत थांबल्या. "वाजव ना मग," त्या म्हणाल्या.

"वाजवूनच राह्यलो ना, माय!" मथुराबाई ओरडल्या.

मग आत प्रभावती फिसकन हसली, भीमराजनं तोंड फिरवलं, नागोराव खाटेचा खूर धरून हसायला लागले. पाटलांचा चेहरा आधी लाल झाला.

"माय, तुले ऐकूच येत नाई?"

"व्हय, व्हय," शकुबाई म्हणाल्या, आणि आता मात्र पाटीलही हसले. दोन वर्षं घरात जी बाई सगळ्याला व्हय व्हय म्हणत आली, तिला सगळे समजूतदार समजत होते.

शकुबाईंनी मथुराबाईंच्या हातातलं एक घुंगरू बोटानं उलटं केलं. "हे तं उकंड्याच्या काठीचं होय. याच्यावर हा टोचा हाय पाह्य. हे मले लय ऐकू ये तवा. न्याहारीच्या वक्ती. हे वाजलं का मी दार लोटून घेत जाई."

हवापाण्याचं बोलावं तसं त्या बोलल्या. त्यांच्या मनात काही नव्हतंच. पण हसणं जिथल्या तिथं राहिलं. कौसल्यानं पाहिलं, नलू केव्हाची जागी होऊन दाराच्या चौकटीला चिकटून उभी होती.

उकंडाजी उठले. मथुराबाईंच्या हातून पुरचुंडी घेतली, तिची गाठ मारली आणि ती त्यांनाच परत दिली. "ठेव. मोडीत घाल अन् तुह्या लेकीले एक तांब्या घे." मग ते पाटलांकडे वळले.

"किसनराव, तुमची गोष्ट अर्धी खरी हाय. गाडी मुकी हाय अन् तिले आवाज पाहिजे. भीमाबी तेच म्हणून राह्यला. आवाज मी देतो. पुढं बसतो अन् तोंडानं हाक देतो."

"तोंडानं?"

"देव न् देवळं सोडली म्या, तोंड तं नाई सोडलं."

पाटलांनी मान खाजवली. "अन् ज्याले ऐकू येत नाई, त्याचं काय?"

"त्यायले आत बसवून घेऊ," भीमराज म्हणाला.

शकुबाई तेवढ्यात गाडीचं दार उघडून आत चढत होत्या. त्या मागच्या सीटवर ऐसपैस बसल्या आणि लुगडं सावरलं. खाटेवरच्या चहावर साय धरली होती. भीमराज कौसल्याच्या कानाशी येऊन पुटपुटला, "पाह्य. चहा चालत नाई, पण मोटार चालते."

"गप बसा ना हो," ती म्हणाली, आणि पुन्हा पदर तोंडाला लावला.

"हळू चालवजो," पाटील म्हणाले. त्यांना काही तरी म्हणणं भाग होतं.

"मग आताच पाहू चालवून," भीमराज म्हणाला.

मथुराबाई पाट घेऊन आल्या. शकुबाईंनी विचारलं, हे कायले, तर मथुराबाईंनी अर्धा पाट त्यांच्या पायाखाली सरकवला. दोघी म्हाताऱ्या एका पाटावर चार पाय ठेवून बसल्या. उकंडाजी पुढच्या दारापाशी आले. चपला काढल्या, हातात घेतल्या, पुन्हा घातल्या. कौसल्यानं दार धरलं होतं. ते खोळीवर बसले तेव्हा त्यांनी काठावरून एकदा हात फिरवला. सुनेकडे पाहिलं नाही. तिलाही ते बरंच वाटलं, कारण तिचे डोळे पाहण्यासारखे राहिले नव्हते.

मुकी निघाली. कौसल्या श्रावणला कडेवर आणि नलूला बोटाला धरून बाजूनं चालत होती. गाडीचा वेग तेवढाच होता. उन्हं कलली होती. गावात शिरताना, पहिल्या घरापाशी, उकंडाजींचा गळा हलला आणि आवाज आला नाही. तिथं शिरताना जो शब्द चाळीस वर्षं ओठांवर येत होता तोच आला असावा. जोहार. कौसल्यानं तो त्यांच्या ओठांवर बनताना पाहिला, आणि गिळताना पाहिला.

"सरका रे बावा!" मग आवाज फुटला. चिरका, आणि पुढच्या खेपेला मोठा. "सरका, सरका! माही प्रभा येऊन राह्यली! परवा लग्न हाय पोरीचं!"

"बा, मी मागं हाय, घरी जाऊन राह्यलो चहा ठेवाले!" मागून प्रभावती ओरडली.

"असू दे! लोकायले सांगून ठेवतो!"

दारं उघडली. बाया हात पुसत बाहेर आल्या, न्हाव्याच्या खुर्चीतला माणूस अर्ध्या दाढीनं उठून उभा राहिला. हरिसिंग कुठून तरी आले आणि गाडीच्या बाजूनं चालू लागले. "आता बोलाले लागली गाडी!" ते म्हणाले. मागच्या सीटवरून शकुबाई ज्याला त्याला हात करत होत्या आणि आपण बोलतोय ते ऐकू येत नसल्यानं दुप्पट जोरात बोलत होत्या. त्यांच्या घरापुढून गाडी गेली तेव्हा उकंडाजींनी हाक दिली नाही, नुसतं त्या दाराकडे पाहिलं. दार सताड उघडं होतं. मग पुढच्या वळणावर पुन्हा त्यांचा आवाज मोकळा झाला.

"आई," नलूनं बोट ओढलं. "मुकी येते ते ऐकू येत नाई, म्हणून आबा हाक देतात ना?"

"व्हय, राणी."

"अन् पहिले आबाच्या काठीले घुंगरं होते? म्हातारी म्हणे ना?"

"होते."

कौसल्यानं श्रावणला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. पोरीच्या कपाळावरचे ओले केस मागं सारले, आणि प्रश्न तिथंच थांबावेत म्हणून हात थोडा जास्त वेळ ठेवला. नलूनं डोकं हलवून तो हात बाजूला केला.

"पण आबा तं मोटार नव्हते. ते तं पायानं चालत होते," ती म्हणाली. "मग आई, आबा लोकायले दिसत नव्हते का?"